रांजणातली माहेरवाशीण

माझी बायको गेली, त्याच्या दहाव्या दिवशी सगळ्या भावकीच्या देखत मी एका कोळिणीला जन्मभर सांभाळायचं कबूल केलं.

कोळीण म्हणजे आठ पायांची. तळहाताएवढी, अंगभर केस, रंग भाजलेल्या वांग्याचा. शिकलेले लोक तिला टॅरंटुला म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यात हा शब्द नव्हता.

झालं असं. तळ्याच्या काठावर दहाव्याचा पिंड मांडला होता. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. आमच्यात असं मानतात की, कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग घरच्यांनी एकेक शब्द द्यायचा. थोरला पुढं झाला, "आई, म्हैस विकणार न्हाई." कावळा हलला नाही. लेक मंगल लोहाऱ्याहून आली होती, ती म्हणाली, "आई, तात्याला वेळेवर जेवायला घालू." एका कावळ्यानं तर पाठच फिरवली.

ऊन चढलं. भावकीला भूक लागली आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. पंचेचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मागितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं. शेवटी तोंडाला आलं ते बोललो, "कौसल्ये, तुझ्या माहेरवाशिणीला मी सांभाळतो."

वाक्य पुरं व्हायच्या आत तीन कावळे उतरले.

भावकीत कुजबुज सुरू झाली. आमची चुलती नव्वदीची, तिला कमी दिसतं पण ऐकू चांगलं येतं. ती म्हणाली, "ह्या वयात? आन् ठेवलीया कुठं तिला?"

"रांजणात," मी म्हणालो.

त्यावर सगळे जेवायला बसले.

(म्हैस महिन्याभरात विकली. मी थोरल्याला आठवण करून दिली तर म्हणाला, "तात्या, त्या अटीवर कुठं शिवला कावळा?" आमच्या घरात वकिली शिकलेलं कुणी नाही, हे बरं आहे.)

तर ही माहेरवाशीण. अकरा वर्षांमागं ज्वारीचं पोतं हलवताना ती खालून निघाली. मी चप्पल काढली. कौसल्या आडवी आली. म्हणाली, "पोटुशी दिसती बिचारी. दारात आलेल्या लेकीला चपलीनं मारत्यात का?" मग तिनं कोपऱ्यात पडलेल्या फुटक्या रांजणात माती भरली, आत एक तुटकं कौल आडवं ठेवलं, वर पिठाची चाळण झाकली आणि कोळिणीला तिथं नांदायला घातलं. पोटुशी वगैरे काही नव्हती, नुसतीच लठ्ठ होती. पण माहेरवाशीण हे नाव पडलं ते पडलं. कौसल्या रोज सकाळी रांजणाशी बसून बोलायची. मला वाटायचं माझ्याशी बोलते, म्हणून मी ऐकत नव्हतो.

त्यामुळं ती काय खाते, किती खाते, ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी चतकोर भाकरी आणि वर थोडं पिठलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाकरीला मुंग्या लागल्या, मुंग्यांना ती घाबरून कौलाखाली गेली. मग मी झुरळ टाकून बघितलं. ते तिच्या पोटात गेलं. तेव्हापासून आठवड्याला दोन झुरळं असा रतीब सुरू झाला. माझं घर एकट्या माणसाचं आहे, झुरळांना तोटा नाही.

सहा महिने बरं चाललं आणि मग तिनं अन्न सोडलं. झुरळ तिच्या अंगावरून फिरायचं, ही ढुंकून बघायची नाही. आठ दिवस झाले, बारा झाले. कौसल्यानंही शेवटी बारा दिवस काही खाल्लं नव्हतं. आयुष्यात त्या बाईला दिलेला एकच शब्द, आणि तोही असा मोडला तर वर्षश्राद्धाला कावळ्यापुढं काय तोंड घेऊन जाऊ?

शेजारी शब्बीरभाई राहतात. एस.टी.त कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. तीस वर्षं त्यांनी फुकट कुणाला नेलं नाही. त्यांना मोबाईल येतो. त्यांच्याकडं गेलो.

"तात्या, फिकीर कायकू करते?" ते म्हणाले. "मोबाईलवर समद्यांची मंडळं हायेत. म्हशीवाल्यांचं हाय, कबुतरवाल्यांचं हाय. कोळीवाल्यांचं नसंल व्हय?"

होतं. 'अष्टपाद परिवार' असं नाव. महाराष्ट्रभरचे कोळी पाळणारे लोक त्यात होते. मला खरं वाटेना. आमच्या तामलवाडीत एक माणूस कोळी पाळतो म्हणून लोक त्याच्या घरी चहा पीत नाहीत, आणि तिकडं शेकड्यांनी.

शब्बीरभाईंनी माझ्या नावानं खातं काढलं. परिवारात घ्यायच्या आधी तिकडून प्रश्न आले. तुमच्या कोळ्याची जात काय? मी म्हणालो, "लिहा, माहेरवाशीण." उलट निरोप आला, अशी जात अस्तित्वात नाही, शास्त्रीय नाव लिहा. मी म्हणालो, "लिहा, कौसल्या नाव ठेवून गेली, तिला विचारा." शब्बीरभाईंनी ते लिहिलं. कौसल्या ह्या शास्त्रज्ञ असाव्यात असं समजून आम्हा दोघांनाही आत घेतलं.

आत चौदा नियम होते. नियम तीन, सदस्यांनी एकमेकांचा मान राखावा. हा नियम कुणीही वाचलेला नव्हता, हे मला दुपारपर्यंत कळलं.

मी प्रश्न टाकला: आमची कोळीण बारा दिवस जेवली नाही. काय करावं?

बोट उचलायच्या आत उत्तरं सुरू झाली. शब्बीरभाई वाचून दाखवत होते, मी खाटेवर बसून ऐकत होतो.

"पयला लिहितो, 'स्वागत आहे. आधी नियम वाचा.'"

"वाचले म्हणावं."

"दुसरा म्हणतो, 'फोटो टाका.'"

रांजणाचा फोटो टाकला. तिथंच चुकलं. केसाळ कोल्हापूरकर नावाचा एक गडी होता, तो म्हणाला, हा काय प्रकार आहे, चाळणीत पाय अडकून तुटेल, ताबडतोब काचेची पेटी घ्या. त्याच्याखाली एकानं लिहिलं, काचेच्या पेट्या माझ्याकडं आहेत, घरपोच मिळतील. तिसरा म्हणाला, माती ओली पाहिजे. चौथा म्हणाला, ओली केली तर मरेल. तिसरा चौथ्याला म्हणाला, तुझा कोळी गेल्या साली मेला तो कशानं मेला ते सगळ्या परिवाराला माहीत आहे. चौथा म्हणाला, माझ्या कोळ्यापर्यंत जाऊ नको.

"आपल्या कोळिणीचं काय म्हणतेत?" मी विचारलं.

"अजून तिथवर आले न्हाईत."

संध्याकाळपर्यंत तिसऱ्याचं आणि चौथ्याचं चाललं होतं. बांधावरून दोन भाऊ भांडतात, तेव्हासुद्धा अधूनमधून पाणी प्यायला थांबतात. हे थांबेनात. आमची कोळीण उपाशी आहे, हे सगळे विसरून गेले. मी मधे लिहायला सांगितलं, "पोरांनो, बारा दिवसांचं काय?" त्यावर एकानं हसरं तोंड टाकलं.

मग कोळीराजा आला. त्यानं लिहिलं, "ही घरात पाळलेल्या वंशातली नाही, बाहेरून धरलेली आहे. अशा अडाणी लोकांमुळे आपला छंद बदनाम होतो. आजोबा चोर आहेत."

मी म्हणालो, "शब्बीरभाई, लिहा. ती बाहेरून आली नाही. माझ्या ज्वारीखाली ती माझ्या आधीपासून असंल. उलट आम्हीच तिच्या घरात शिरलाव. आन् तू एकदा तामलवाडीला ये. कोण कुणाला धरतंय ते बघू."

"सगळं लिहू?"

"सगळं."

त्यांनी सगळं लिहिलं. कंडक्टर माणूस, पैसे घेतले की पूर्ण तिकीट देणार. पाच मिनिटांत परिवारप्रमुखाचा निरोप आला: धमकी दिल्याबद्दल तुम्हाला सात दिवस बोलता येणार नाही. आणि त्यानं माझ्या प्रश्नाखालचं सगळं बोलणंच बंद करून टाकलं.

सात दिवस. कौसल्या रागावली की दोन दिवस बोलायची नाही, आणि तिचा काहीतरी हक्क होता.

त्यातल्या पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी चाळण काढली. माहेरवाशीण उताणी पडली होती. आठही पाय वर.

माणूस उताणा पडला तर तो प्यालेला असू शकतो. कोळी उताणा पडला तर विचारायचं काही उरत नाही. मी कपबशी खाली ठेवली आणि शब्बीरभाईंना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, टोपी नीट केली.

"अजून थोडी धुगधुगी दिसती," ते म्हणाले.

धुगधुगी आहे म्हणल्यावर करायचं ते करायला पाहिजे. मी वृंदावनातलं तुळशीचं पान आणलं. तांब्यात बोट बुडवून एक थेंब तिच्या तोंडाशी सोडला. तोंड कुठं असतं ते मला माहीत नव्हतं, अंदाजानं सोडला. पान छातीवर ठेवलं. शब्बीरभाई म्हणाले, "शेवटचं पानी तो हमारे में भी पिलाते." आणि त्यांनीही एक थेंब सोडला. म्हणजे दोन्हीकडून सोय झाली.

मग ते म्हणाले, "परिवाराला कळवायला पायजे."

"माझं तोंड बांधलंय त्यांनी."

"माझं उघडं हाय." त्यांनी त्यांच्या खात्यावरून फोटो टाकला आणि लिहिलं: तामलवाडी येथील माहेरवाशीण यांचं आज सकाळी दुःखद निधन. अंत्यविधी थोड्याच वेळात राहत्या घरी.

मी कुदळ घेऊन परसात गेलो. कौसल्यानं लावलेल्या जास्वंदीच्या बुडाशी हातभर खड्डा काढला. परत आलो तर पुढची अडचण. तिला हात लावायचा धीर दोघांनाही होईना, आणि मातीनं भरलेला रांजण दोघांना हलेना. दोन म्हातारे, दोन कंबरा, त्यातली एक आधीच गेलेली.

"राहू द्या," शब्बीरभाई मोबाईलकडं बघत म्हणाले. "अजून लोकांचं बोलणं व्हायचंय."

आमच्याकडं मयतीला श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरण तयार असतं, पण गावातल्या प्रत्येकाचं बोलून झाल्याशिवाय पेटवत नाहीत. इथं तर अख्खा महाराष्ट्र बोलायला लागला होता. शब्बीरभाई म्हणाले, एवढ्या लोकांनी लिहिलंय, वाचून न दाखवता पुरणं बरं दिसत नाही. मलाही ते पटलं. मी रांजणाशी मांडी घालून बसलो. ते उभे राहिले आणि बसस्टँडवर गाडी पुकारायच्या आवाजात वाचू लागले.

"भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली, दोन हात जोडलेले. भावपूर्ण श्रद्धांजली, हात तीन."

"तीन कसे?"

"जास्त दुःख झालं असंल. केसाळ कोल्हापूरकर, 'परिवारातील एक शांत, संयमी सदस्या हरपली.'"

अकरा वर्षांत ती कुणाला चावली नव्हती, ते खरंच होतं.

"कोळीराजा, 'आजोबांशी आमचे मतभेद होते, पण मनभेद कधीच नव्हते.' पुढं एक म्हणतो, 'रिकामा झालेला रांजण विकायचा असल्यास कळवणे.'"

ते वाचत राहिले. तिसऱ्या आणि चौथ्यानं तर एकमेकांच्या श्रद्धांजलीला अंगठे दिले होते. ज्यांनी तिला जिवंतपणी एक शब्द सांगितला नाही, ते आता कविता करत होते. मी ऐकता ऐकता कधी रडायला लागलो, ते मला कळलं नाही. कौसल्याच्या वेळी रडायला जमलंच नव्हतं. लाकडं ओली होती, पाहुण्यांच्या चहाला दूध कमी पडलं होतं, मग कावळ्याचं निघालं. रडणं राहूनच गेलं. ते त्या दिवशी एका कोळिणीसमोर, भर दुपारी निघालं. शब्बीरभाईंनी माझ्याकडं बघितलं आणि आवाज थोडा आणखी मोठा केला. कुणी रस्त्यानं गेलं तर त्याला माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

असे दोनेक तास गेले असतील. मी उपरण्यानं डोळे पुसले, आणि मला तुळशीचं पान हललेलं दिसलं.

"शब्बीरभाई, थांबा."

"अजून बावीस हायेत."

"अहो थांबा, ती हलायलीया."

ते वाकले. पान घसरून बाजूला पडलं. तिचं अंग कडेनं उकलल्यासारखं झालं आणि आतनं कायतरी ओलं, फिकट, नवं बाहेर सरकायला लागलं. हातमोज्यातनं हात काढावा तसा एकेक पाय निघत होता. घटकाभरात रांजणात दोन कोळिणी झाल्या. एक पोकळ, जुनी, आणि एक आत्ताच न्हाणीतनं आल्यासारखी.

शब्बीरभाईंनी मोबाईल वर-खाली सरकवून बघितला. मग म्हणाले, "कात टाकली की हो हिनं. सापावानी."

"तुमाला कसं ठावं?"

"स्मिताताई नावाच्या बाईनं सकाळीच लिहिलंय की. 'थांबा, ती मेलेली नाही, कात टाकते आहे. कात टाकायच्या आधी अन्न सोडतात. हात लावू नका. मी त्या दिवशीसुद्धा हेच लिहिलं होतं.'"

"मग तुमी ते वाचलं का न्हाई?"

"ती श्रद्धांजली नव्हती ना. म्हणून सोडली."

माझ्या पहिल्या प्रश्नाखाली शोधलं. तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या भांडणाच्या बुडाशी त्या बाईचं उत्तर पडलेलं होतं. दोन ओळी. पहिल्याच दिवशीचं.

आम्ही परिवाराला कळवलं, माहेरवाशीण जिवंत आहे. आनंद कुणालाच झाला नाही. कोळीराजा म्हणाला, ही फसवणूक आहे. केसाळ कोल्हापूरकर म्हणाला, मी माझी श्रद्धांजली परत घेतो. दिलेली श्रद्धांजली परत घेता येते का, ह्यावर दोन दिवस चाललं आणि शेवटी पंधरावा नियम करावा लागला.

पण खरं भांडण तुळशीवर झालं. फोटोत छातीवर पान दिसत होतं. काही जण म्हणाले, म्हाताऱ्यानं पान ठेवून जीव घ्यायची तयारी केली होती. काही म्हणाले, नाही, हा जुना गावरान उपाय दिसतो, पानामुळंच कात सुखरूप निघाली. मी शब्बीरभाईंच्या खात्यावरून तीनदा सांगितलं की, पानानं काही होत नसतं, मी तिला पोचवायला निघालो होतो. कुणी ऐकेना. आठ दिवसांत परिवार फुटला. पानवाल्यांनी 'तुळस परिवार' नावाचा वेगळा संसार थाटला आणि प्रमुख म्हणून मला बसवलं. शब्बीरभाई उपप्रमुख. मी नको म्हणणार होतो. पण आयुष्यात मला कुणी कशाचा प्रमुख केलं नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलोय.

म्हणून मी मन लावून काम केलं. मोबाईल घेतला, स्वतःच्या बोटानं लिहायला शिकलो. नियम केले. अष्टपादवाल्यांचे पंधरा होते, म्हणून आपले सोळा. नियम चार मला फार आवडायचा: ज्यानं नियम वाचले नाहीत, त्याला कुणीही उत्तर देऊ नये. देणाऱ्यालाही सात दिवस बंद.

माहेरवाशीण मजेत झुरळं खात होती. तिची कात मी कौसल्याच्या कुंकवाच्या डबीशेजारी कोनाड्यात ठेवली. (सूनबाईनं बघितली. तेव्हापासून ती माझ्या घरी पाय वर घेऊन बसते.)

मग वर्षश्राद्ध आलं. पुन्हा तळं, तीच बाभळ, तेच कावळे. मी निश्चिंत होतो. शब्द पाळला होता, कोळीण ठणठणीत होती. पिंड मांडला आणि मी भावकीकडं जरा ऐटीतच बघितलं.

एकही कावळा उतरेना.

अर्धा तास गेला. थोरला म्हणाला, "तात्या, आता काय राहिलं?" चुलती म्हणाली, "रांजणातल्या बाईला जेवायला घालतो का हा?"

"घालतो की," मी म्हणालो.

शब्बीरभाई मागं उभे होते. ते पुढं आले आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. दोन दिवसांमागं सोनारीच्या एका म्हातारीनं आमच्या परिवारात लिहिलं होतं: 'भाऊ, नात सासरी गेली, तिचा कोळी माझ्याजवळ आहे. पंधरा दिवस जेवला नाही. जीव लागलाय. काय करू?'

त्याच्याखाली माझंच उत्तर होतं. 'आधी नियम वाचून या.'

मी तळ्याच्या काठावर, सगळ्या भावकीच्या देखत, चष्मा लावला, माझा मोबाईल काढला आणि एका बोटानं लिहिलं: 'आक्का, कात टाकणार असेल. पाणी ठेवा. हात लावू नका. घाबरू नका.' पाठवलं आणि मान वर केली. पहिला कावळा पिंडावर होता.

सगळे जेवून गेले. दुपारी घरी येऊन मी सोनारीच्या आक्काचं काही उत्तर आलं का बघायला परिवार उघडला. उघडेना. शब्बीरभाईंच्या दारात गेलो.

"सात दिवस बंद हायेत तुमी," ते म्हणाले. "नियम चार. तिनं वाचले नव्हते, तरी तुमी सांगितलं."

"अहो, तुमीच तर मोबाईल धरला पुढं."

"ते दोस्त म्हणून. हे उपप्रमुख म्हणून." त्यांनी टोपी नीट केली. "म्या सासऱ्यालाबी तिकीट फाडलंय तात्या."

आता सात दिवस बोलायला कुणी नाही, म्हणून रांजणाशी जाऊन बसलो. कौसल्या बसायची तिथंच. माहेरवाशिणीनं सगळं ऐकून घेतलं. नियम तिनंही वाचलेले नाहीत.